रेतीचे डोंगर पाहून आले आणि आपली कन्हान आठवली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की नागपुरातनं किती तरी आईवडील मुलांकडे अमेरिकेत जातात, आमच्या कॉलनीतच यंदा चार घरांना कुलूप आहे, आणि तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशा लोकांसाठी छान एक पान आलं होतं, नायगारा, न्यूयॉर्क, लास वेगास, ग्रँड कॅन्यन सगळं होतं त्यात. मी दोनदा वाचलं. पण मागच्या वर्षी मी जी जागा पाहिली आणि जी अजून डोक्यातनं जात नाही तिचं नाव कुठेच नव्हतं म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबलं तर कापा, फक्त आपल्या कन्हान नदीचा भाग कापू नका एवढी विनंती आधीच करून ठेवते.

जागेचं नाव ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्क. कोलोराडो राज्यात आहे, डेन्व्हरहून गाडीने चारेक तास, आमची मुलगी डेन्व्हरलाच असते. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, वालुकागिरी, बारखाण हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले त्याचा हिशोब नाही, चंद्रकोरीसारखी आकृती काढायची, बाजूला वाऱ्याचा बाण काढायचा, मुलं वहीत उतरवून घ्यायची, झालं. खरी वालुकागिरी मात्र मी कधी पाहिलीच नव्हती, जैसलमेरला जायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहायचं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, मी, आमचे हे, मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात. नागपूर सोडलं तेव्हा इथे ४५ चालू होतं. सॅन लुईस नावाचं एक मोठं सपाट खोरं आहे, पार क्षितिजापर्यंत सपाट, त्यातनं रस्ता जातो आणि लांबून डोंगराच्या पायथ्याशी एक पिवळसर पट्टा दिसायला लागतो. मला वाटलं हेच का ते, एवढंसं? मागे सांग्रे दे क्रिस्तो पर्वताचे चार हजार मीटरचे सुळके उभे, त्यांच्यावर मे महिन्यातही बर्फ, त्याच्यापुढे रेती लहानच दिसणार. जवळ गेल्यावर त्या रेतीवर मुंग्यांसारखे काळे ठिपके हलताना दिसले आणि ती माणसं आहेत हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. सगळ्यात उंच टेकडी २२६ मीटर आहे, म्हणजे सत्तर मजली इमारतीएवढी नुसती रेती, अख्ख्या उत्तर अमेरिकेत एवढी उंच दुसरीकडे नाही. आणि रेतीचा पसारा साधारण ७८ चौरस किलोमीटर, आपल्या नागपूर शहराचा एक तृतीयांश भाग धरा.

आता इथे वाळवंट नाही, समुद्र नाही, मग रेती आली कुठून? माझा पहिला प्रश्न हाच. खोऱ्याच्या पश्चिमेला सॅन हुआन पर्वत आहे, जुना ज्वालामुखीचा, त्याची झीज होऊन नद्यांनी रेती खोऱ्यात आणून टाकली, तिथे फार पूर्वी मोठा तलाव होता, तो साधारण ४,४०,००० वर्षांपूर्वी आटला आणि तळाची रेती उघडी पडली. नेहमीचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, तो ही रेती ढकलत ढकलत सांग्रे दे क्रिस्तोच्या एका खोबणीत आणून टाकतो. आणि वादळाचा वारा उलटा, डोंगरातल्या खिंडींमधून ईशान्येकडून येतो आणि तीच रेती परत मागे लोटतो. दोन्हीकडून रेटा, म्हणून रेती पसरत नाही, वर चढते. फळ्यावर मी कायम एकच बाण काढत आले, इथे दोन बाण लागतात.

पण माझ्या मनात खरा बसला तो तिथला ओढा. मेडानो क्रीक म्हणतात त्याला. पार्किंगमधून रेतीकडे जायचं तर आधी हा ओढा ओलांडावा लागतो, घोट्याच्या वर पाणी, बर्फ वितळून आलेलं, पाय बधिर होतील इतकं गार. आणि त्याला समुद्रासारख्या लाटा येतात! रुंद पसरलेलं उथळ पाणी, आणि थोड्या थोड्या वेळानं एक लाट खळखळत खाली येते, परत शांत, परत लाट. नातीनं आकडे मोजले, साधारण वीस सेकंदांनी एक. रेंजर बाईंनी समजावून सांगितलं की पाण्याखाली रेतीचे छोटे छोटे बांध तयार होतात, पाणी त्यांच्यामागे साचतं, जोर वाढला की बांध फुटतो आणि सगळं पाणी एकदम सुटतं, तीच लाट. शेकडो लोक त्या पाण्यात बसले होते, पोरं टायरच्या ट्यूबवर, आजीआजोबा खुर्च्या टाकून पाण्यात पाय सोडून. आमच्या ह्यांचा गुडघा दुखतो, ते तिथेच बसले आणि चार तास उठले नाहीत. मेचा शेवट आणि जूनची सुरुवात याच दिवसांत ओढा भरून असतो, जुलै-ऑगस्टला गेलात तर बहुतेक कोरडा मिळेल, म्हणून तारखा जपून ठरवा, आणि शनिवार-रविवार टाळा, फार गर्दी होते.

चढण्याबद्दल सांगते कारण आपल्याकडची मंडळी उन्हाला घाबरत नाहीत आणि तिथेच चूक होते. आपण ४५ मध्ये भाजी आणायला जातो, मे महिन्यात तिथली हवा तर आपल्या जानेवारीसारखी वाटते. पण हवा गार असली तरी रेती गार नसते, उन्हाळ्यात दुपारी वरची रेती ६५ अंशांपर्यंत तापते, अनवाणी किंवा चपलेवर गेलात तर पाय पोळतात. सकाळी ओढ्यातून बाहेर येऊन लोक अनवाणीच चढायला लागतात कारण तेव्हा रेती मऊ आणि गार असते, आणि अकरा वाजता वर अडकतात. बंद बूट पाठीवर बांधून न्या. दुसरं म्हणजे उंची. टेकड्यांचा पायथाच अडीच हजार मीटरवर आहे, आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावरून आणखी आठशे-साडेआठशे मीटर वर गेल्यावर तुमचा ट्रेक सुरू होतो. मी रोज सकाळी अंबाझरीला पाच किलोमीटर चालते, तरी तिथे पन्नास पावलांवर दम लागत होता. आम्ही आधी डेन्व्हरला आठवडाभर राहिलो होतो, ती पण १,६०० मीटरची जागा, त्याचा फायदा झाला. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी कुणी जाऊ नये.

तिथे पायवाट नाही, पाटी नाही, बाण नाही, जिथून वाटेल तिथून चढा. सरळ उतारावर चढाल तर दोन पावलं वर आणि एक खाली, पोटऱ्या भरून येतात. जावईबापूंनी सांगितलं की धारेधारेनं चला, म्हणजे टेकडीच्या कण्यावरनं, तिथे रेती जरा घट्ट असते, वाट लांबते पण पाय फसत नाही. आम्ही हाय ड्यूनला गेलो, ती २१३ मीटरची, जाऊन येऊन चार किलोमीटर, तरुण माणसं दोन तासांत करतात, मला साडेतीन लागले आणि त्याचं मला काही वाटलं नाही कारण दर थांब्यावर बघायला नवीन काही होतं. मधल्या खळग्यात उतरलं की ओढ्याचा, माणसांचा, सगळा आवाज एकदम बंद होतो, कुणी कानावर हात ठेवल्यासारखा. रेतीत काळे पट्टे दिसतात, ते मॅग्नेटाइटचे, लोखंडाचं खनिज, नातीनं घरून फ्रिजवरचं चुंबक आणलं होतं, ते रेतीवर फिरवलं की काळी दाढी चिकटून यायची. एक अख्खा तास त्यात गेला. मी शाळेत असताना मला हे माहीत असतं तर!

आणि विजेचं. दुपारनंतर ढग आले की खाली उतरायचं, मग वर पोचायला दहा मिनिटं राहिली असली तरी उतरायचं. उघड्या रेतीवर झाड नाही, खांब नाही, सगळ्यात उंच तुम्हीच. आपल्या विदर्भात दर पावसाळ्यात शेतात वीज पडून माणसं जातात, आपल्याला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, पण सहलीला गेलं की माणूस विसरतो.

एक गोष्ट पाहून मला फार बरं वाटलं. व्हिजिटर सेंटरमध्ये रेतीवर चालणारी व्हीलचेअर मिळते, मोठ्या फुगीर टायरची, फुकट, आधी सांगून ठेवावं लागतं. एक कुटुंब आपल्या म्हाताऱ्या आईला तिच्यात बसवून ओढ्याच्या पलीकडे नेत होतं, चाकाखालून लाट गेली की ती माउली टाळ्या वाजवायची. आपल्याकडे किती जागा अशा आहेत जिथे म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून बाकीचे बघून येतात.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं ते. वर पोचल्यावर नात दमून रेतीत बसली आणि हातानं उकरायला लागली, आणि चार बोटं खाली गेल्यावर ओरडली, आजी, रेती ओली आहे! खरंच ओली होती, मुठीत दाबली तर लाडू वळला जाईल इतकी. वर सगळं कोरडं ठणठणीत, पायाला चटके, आणि चार बोटांवर ओलावा. पाऊस आणि बर्फाचं पाणी रेती पोटात धरून ठेवते आणि वरचा कोरडा थर झाकणासारखा काम करतो, खालचं पाणी उडू देत नाही. मी तिथे त्या ओल्या रेतीला हात लावून बसले आणि मला माझं आजोळ आठवलं.

माझं आजोळ कन्हानच्या काठचं, मौदा तालुक्यातलं. लहानपणी उन्हाळ्यात नदीची धार बारीक व्हायची, पण पात्रात रेती एवढी होती की पलीकडे जाईपर्यंत पाय थकायचे. आजी संध्याकाळी मला घेऊन पात्रात जायची आणि हातानं झिरा खणायची. कोपरापर्यंत हात गेला की पाणी झिरपायला लागायचं, आधी गढूळ, ते वाटीनं उपसून टाकायचं, पुन्हा भरलं की पुन्हा उपसायचं, तिसऱ्या वेळेला काचेसारखं पाणी. त्यानं गुंड भरायचा. ते पाणी मडक्यातल्यापेक्षा गार असायचं. आणि आजूबाजूला त्याच रेतीत मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या डांगरवाड्या, टरबूज, डांगर, काकड्या, वर ४५ अंश ऊन आणि रेतीत हिरवेगार वेल, कारण मुळाशी ओल. नऊ वर्षांची मुलगी कोलोराडोच्या टेकडीवर जे बघून ओरडली ते माझ्या आजीला कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं, की रेती म्हणजे नदीची टाकी.

मागच्या वर्षी परत आल्यावर मी मुद्दाम आजोळी गेले, नातीला व्हिडिओ पाठवायचा होता की बघ, आमच्याकडे पण असंच. ज्या जागी आजी खणायची साधारण तिथेच खणलं. हातभर सुद्धा गेले नाही तर खाली चिकट काळी माती लागली, मग खडक. पाणी नाही. पात्रात जागोजागी खड्डे, त्यात हिरवं शेवाळ आलेलं पाणी, काठ ढासळलेले आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे चर. गावातल्या लोकांनी सांगितलं की विहिरींचं पाणी खाली गेलं, डांगरवाडी आता कुणी लावत नाही, रेतीच नाही तर लावणार कशात? मी तो व्हिडिओ पाठवला नाही.

कोलोराडोच्या त्या टेकड्या हजारो वर्षं जागेवर कशा राहिल्या याचं उत्तर त्या ओढ्यात आहे. वारा रेती डोंगराकडे नेतो आणि मेडानो क्रीक आणि दुसऱ्या अंगाचा सँड क्रीक ती रेती वाहून परत खोऱ्याच्या बाजूला आणून टाकतात, तिथून वारा पुन्हा उचलतो. असं ते रहाट चालू आहे. आपल्या कन्हानचं पण रहाटच आहे, सातपुड्यात छिंदवाड्याकडून उगम, वाटेत पेंच, कोलार मिळतात, पावसाळ्यात पूर रेती आणतो, पात्र भरतं. पण वर धरणं झाली, धरणात गाळ आणि रेती अडते, खाली येते ती आधीच कमी, आणि आपण दर वर्षी जी येत नाही ती पण काढतो. एका टिप्परमध्ये चार-पाच ब्रास जाते, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रात्री गावातनं जे टिप्पर जातात ते मोजायचं मी एकदा मनावर घेतलं होतं, मामेभावाच्या अंगणात बसून, पहाटे तीनपर्यंत एकोणीस झाले, मग डोळा लागला.

आणि आता त्या पार्कची दुसरी गोष्ट सांगते, ही त्यांच्या व्हिजिटर सेंटरमध्ये वाचली. १९२० च्या दशकात तिथे पण हेच सुरू झालं होतं. रेतीत थोडं सोनं सापडतं म्हणून लोक आले, यंत्र बसवलं, शिवाय काँक्रीटसाठी रेती नेतील ही भीती होतीच. तेव्हा त्या टेकड्या वाचवायला कोण उभं राहिलं? कुणी मोठा नेता नाही, खोऱ्यातल्या माँटे व्हिस्टा आणि आजूबाजूच्या छोट्या गावांमधल्या बायका. त्यांची पी.ई.ओ. नावाची महिला संघटना होती, त्यांनी पत्रं लिहिली, पाठपुरावा केला, सोडलं नाही, आणि १७ मार्च १९३२ ला राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी त्या टेकड्यांना राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकात खोऱ्याखालचं भूजल उपसून लांबच्या शहरांना विकायच्या योजना आल्या, तेव्हा पुन्हा तिथले शेतकरी, गावकरी, निसर्गप्रेमी एकत्र झाले कारण भूजल गेलं तर ओढा जाणार आणि ओढा गेला तर टेकड्या. २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००४ मध्ये रीतसर नॅशनल पार्क झालं. म्हणजे रेती वाचवायची तर पाणी वाचवावं लागतं हे त्यांच्या संसदेनं मान्य केलं. आपल्याकडे पाणी वाचवायचं तर रेती वाचवावी लागते, गोष्ट तीच.

परत निघताना मला आठवण म्हणून औषधाच्या छोट्या बाटलीत थोडी रेती घ्यायची होती. नात म्हणाली आजी, इथून काही न्यायचं नाही, दगड नाही, रेती नाही, फूल नाही, शाळेत शिकवलंय. मी बाटली रिकामी केली. बूट पण पार्किंगमध्ये झटकून घेतले तिनं माझे.

मी इथे कुणा एका माणसाला किंवा कार्यालयाला दोष द्यायला बसलेली नाही. आमचं स्वतःचं घर १९९८ ला बांधलं तेव्हा मिस्त्री म्हणाला कन्हानचीच रेती आणा आणि आम्ही आणली, पावती मागितली नाही, कुठल्या घाटाची, म्हणजे नदीतनं रेती काढायच्या कुठल्या जागेची, विचारलं नाही. प्रतापनगर, मनीषनगर, बेसा, नागपुरातला प्रत्येक स्लॅब कुठल्या ना कुठल्या नदीतनं आलाय. पण आता कळलंय तर वळलं पाहिजे ना? सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात सांगून ठेवलंय की पाच हेक्टरपेक्षा लहान घाटाला सुद्धा पर्यावरण मंजुरी लागेल. पावसाळ्यात १० जून ते ३० सप्टेंबर उपशाला बंदी असते. दगड फोडून केलेली कृत्रिम रेती बाजारात मिळते, प्लास्टरला आणि स्लॅबला चालते, राज्य सरकार पण आता तिचाच आग्रह धरतंय. ज्यांचं घराचं काम सुरू आहे त्यांनी ठेकेदाराला एवढंच विचारावं की रॉयल्टीची, म्हणजे रेतीसाठी सरकारला भरलेल्या पैशांची, पावती दाखव, नाही तर कृत्रिम रेती आण. ब्रासमागे थोडे पैसे इकडेतिकडे होतील, होऊ द्या.

तुम्हाला एक विनंती आहे संपादक साहेब. परदेश सहलीचं पान काढता तसं एक पान कन्हानच्या घाटांचं काढा. कामठीचा संगम, मौदा, पारशिवनीकडचे घाट, तिथे पन्नास वर्षांपूर्वी रेती किती होती, झिरे कुठे खणायचे, डांगरवाड्या कुणाच्या होत्या, हे सांगणारी माणसं अजून आहेत पण आता सत्तरी-ऐंशीत आहेत. जुने फोटो निघतील, लग्नाच्या वराती पात्रातनं जायच्या त्याचे तर नक्की निघतील. आपण नागपूरकर पेंच आणि कन्हानचं पाणी पितो, एवढं तर आपण करू शकतो.

आणि ज्यांना कोलोराडोला जायचंय त्यांनी अवश्य जा, सोबत नातवंडं असतील तर चुंबक न्या. शक्य झालं तर एक रात्र जवळपास राहा, तिथलं आकाश काळोखासाठी राखलेलं आहे, २०१९ पासून तसा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे त्याला, मी आकाशगंगा इतकी स्पष्ट आजोळच्या गच्चीनंतर तिथेच पाहिली.

माझ्यापुरतं म्हणाल तर आजोळच्या ग्रामपंचायतीला मी अर्ज दिलाय की घाटात दगडी खुणेचा खांब रोवा आणि दर पावसाळ्यानंतर रेती किती आली, किती गेली ते त्याच्यावर मोजून नोंदवा. सरपंच ताईंनी पोच दिली आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो विषय घेऊ म्हणाल्या, मी त्या दिवशी तिथे जाणार आहे, मामेभावाला जुनी पटवारी नोंद शोधायला सांगितली आहे. कन्हानकाठच्या आणखी कुणाला आपल्या गावात असा अर्ज द्यायचा असेल तर नमुना मी तुमच्या कार्यालयात ठेवून जाते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर